जर्मन पूर्वजाचं नाव जहाजाच्या यादीत सापडत नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक आयोवात राहते, जावयाचं आडनाव कूक. व्याह्यांच्या घरात सांगतात की खापरपणजोबा विल्यम 1881 च्या सुमारास जर्मनीहून आले, मूळ आडनाव कोख होतं आणि न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या ठाण्यावरच्या कारकुनाने ते कूक करून टाकलं. नातवंडांसाठी वंशवृक्ष करायला घेतला, पण एलिस आयलंडच्या नोंदींत हा माणूस काही मिळत नाही, आणि जर्मनीतलं गाव कोणालाच ठाऊक नाही. आता पुढे कुठे शोधायचं?

अमेरिकेतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वंशावळ विभागात मी बरीच वर्षं काम करतो आहे आणि जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न घेऊन लोक येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, 1881 साली एलिस आयलंडचं ठाणं अस्तित्वातच नव्हतं. ते 1 जानेवारी 1892 ला सुरू झालं. त्याआधी, 1855 पासून 1890 पर्यंत, न्यूयॉर्कला उतरणारी माणसं मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरच्या कॅसल गार्डनमधून जात. मधल्या दीड-दोन वर्षांत बार्ज ऑफिस नावाच्या इमारतीतून काम चाललं. जून 1897 मध्ये एलिस आयलंडला आग लागली आणि तिथे ठेवलेली कॅसल गार्डनची जुनी दप्तरं जळाली, हे खरं आहे. ते ऐकून कित्येक जण तिथेच शोध थांबवतात. पण थांबायचं कारण नाही. 1819 च्या कायद्याने प्रत्येक कप्तानाला प्रवाशांची यादी बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याकडे द्यावी लागे, 1820 पासून ती दिली जात होती, आणि न्यूयॉर्कच्या त्या जकात खात्याच्या याद्या शाबूत आहेत. आज आपण ज्या पाहतो त्या याच. एलिस आयलंडच्या प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावरही आता 1820 पासूनच्या नोंदी शोधता येतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत, आणि अँसेस्ट्री या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाचे पैसे भरायचे नसतील तर अमेरिकेतल्या पुष्कळ ग्रंथालयांत ते वाचकांना विनामूल्य वापरता येतं. लेकीला गावच्या ग्रंथालयात चौकशी करायला सांगा.

दुसरी गोष्ट कारकुनाची. बंदरावरच्या कारकुनाने आडनाव बदललं ही कथा अमेरिकेत घराघरांत आहे आणि ती मला एकदाही कागदावर दिसलेली नाही. यादी जहाजावाल्यांकडून तयार होऊन येत असे. बंदरावरचा माणूस हातातल्या यादीवरून नाव पुकारायचा आणि खूण करायचा, नवी नावं लिहायचं त्याला कामच नव्हतं. नावं बदलली ती माणसांनी स्वतः, नंतर, सावकाश. पियानोवाले हाइनरिख श्टाइनवेग 1850 साली हॅम्बुर्गहून ‘हेलेने स्लोमन’ या जहाजाने न्यूयॉर्कला आले. ‘स्टाइनवे’ हे इंग्रजी वळण त्यांनी घेतलं ते 1853 मध्ये कंपनी काढताना. तुमच्या बाबतीत तर आणखी एक शक्यता मला दाट वाटते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन लोकांविरुद्ध फार वाईट वातावरण होतं. मे 1918 मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी जाहीरनामा काढून शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर, इतकंच काय चर्चच्या प्रार्थनेतही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही असं फर्मावलं. त्या काळात कित्येक श्मिटांचे स्मिथ झाले, कोखांचे कूक झाले. भीतीपोटी नाव टाकून द्यावं लागलेल्या घराने पुढच्या पिढीला कारकुनाची गोष्ट सांगितली असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

हे नुसतं इतिहास म्हणून सांगत नाही. शोधासाठी याला महत्त्व आहे, कारण 1881 च्या यादीत तुम्ही ‘कूक’ शोधत असाल तर तो माणूस तिथे नसणारच.

आता मुख्य मुद्दा. जहाजाची यादी ही शोधाची पहिली पायरी नाही, मधली आहे, आणि ती आधी चढायला गेलं की माणूस हमखास अडकतो. का, ते पाहा. 1881 च्या न्यूयॉर्क यादीतली एक ओळ डोळ्यांसमोर आणा: विल्ह. कोख, वय 22, पुरुष, मजूर, जर्मनी, अमेरिका. बस. (विल्ह. म्हणजे विल्हेल्म, विल्यमचंच जर्मन रूप.) जन्मगाव नाही, बापाचं नाव नाही, कोणाकडे चालला तेही नाही. आणि 1882 हे जर्मनांच्या स्थलांतराचं सगळ्यात भरतीचं वर्ष. त्या एका वर्षात अडीच लाखांच्या आसपास जर्मन अमेरिकेत आले. म्हणजे 1880 ते 1883 मध्ये विल्हेल्म कोख नावाचे तरुण मजूर एक नव्हे, पुष्कळ सापडतील. त्यातला तुमचा कोणता, हे यादी सांगणार नाही. ते तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. म्हणून अमेरिकेतले कागद आधी संपवा, शेवटच्या कागदापासून मागे मागे या.

मृत्यूचा दाखला, थडग्यावरचा दगड, मृत्युलेख यांपासून सुरुवात करा. मृत्युलेख इंग्रजी वर्तमानपत्रातला मिळाला तरी जर्मन वर्तमानपत्रातला शोधाच. डॅव्हनपोर्टला ‘डेर डेमोक्राट’ नावाचं जर्मन वर्तमानपत्र 1918 पर्यंत निघत होतं. आयोवात इतर गावांतूनही होती. इंग्रजी पत्र लिहितं ‘जर्मनीत जन्म’, आणि जर्मन पत्र त्याच माणसाविषयी गाव, जिल्हा, कोणत्या साली निघाला, कोणाबरोबर आला, सगळं लिहितं, कारण वाचणारे त्याच मुलखातले असत.

मग जनगणना. 1900 च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष, अमेरिकेत आल्याचं साल आणि नागरिकत्वाची स्थिती असे रकाने आहेत. 1910 मध्ये आगमनाचं साल पुन्हा विचारलंय, 1920 मध्ये त्याबरोबर नागरिकत्व मिळाल्याचं सालही. तिन्ही ठिकाणची सालं सहसा जुळत नाहीत. 1880, 1882, 1881 असं काहीतरी निघेल. त्यांचा एकत्रित अंदाज धरा, एकावर अडून बसू नका. 1890 ची जनगणना बहुतेक सगळी आगीत आणि त्यानंतरच्या हलगर्जीत गेली, पण आयोवाने स्वतःच्या राज्य जनगणना 1885, 1895, 1905, 1915 आणि 1925 मध्ये घेतल्या, हे तुमचं भाग्य. 1925 ची तर सोन्यासारखी आहे. तिच्यात प्रत्येक माणसाच्या आईवडिलांची नावं विचारली आहेत, आईच्या माहेरच्या आडनावासकट. विल्यम तेव्हा हयात असतील तर एका ओळीत तुम्हाला एक पिढी मागे जाता येईल. या सगळ्या जनगणना ओळीने लावल्यात की कोणत्या कागदापर्यंत कोख आहे आणि कोणत्यापासून कूक, तेही दिसेल.

नागरिकत्वाच्या कागदांबद्दल एक साल लक्षात ठेवा, 1906. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपासून नवा कायदा लागू झाला आणि अर्जात जहाजाचं नाव, बंदर, तारीख, जन्मगाव हे सगळं लिहिणं आलं. त्याआधीचे कागद मात्र फार कोरडे असतात. कोणत्याही स्थानिक कोर्टात काम होत असे आणि कागदावर एवढंच, की हा माणूस जर्मनीच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडतो आहे. तरी ते काढा, कारण पहिला इरादापत्राचा, म्हणजे नागरिक व्हायची इच्छा नोंदवणारा, कागद माणूस पुष्कळदा आल्या आल्या करायचा आणि त्यावरून वर्ष पक्कं होतं. बाईला तिच्या स्वतःच्या नावाने शोधू नका. 1922 पर्यंत नवऱ्याला नागरिकत्व मिळालं की बायकोला आपोआप मिळे. आयोवातून पुढे नेब्रास्का किंवा डाकोटात जाऊन कोणी सरकारी जमीन घेतली असेल तर 1862 च्या होमस्टेड कायद्याची फाईल मागवा. जमीन मिळण्यासाठी नागरिकत्वाचा पुरावा जोडावा लागे, त्यामुळे कोर्टात हरवलेला कागद तिथे निघतो.

आणि चर्च. मी सगळ्यात जास्त भर देईन तो याच्यावर. आयोवातले जर्मन लुथरन असोत की कॅथलिक, त्यांचे पाद्री बहुधा जर्मनीतूनच आलेले किंवा जर्मन शिकलेले असत, आणि लग्न किंवा दफनाच्या नोंदीत जन्मगाव लिहायची त्यांना सवय होती. नुसतं ‘हॅनोव्हर’ न लिहिता हॅनोव्हरमधलं अमुक खेडं असं ते लिहीत. सरकारी दाखल्यावर जे कधीच मिळत नाही ते गावच्या चर्चच्या वहीत मिळतं. व्याह्यांच्या घराण्याचं जुनं चर्च कोणतं होतं हे विचारा. आताचं नव्हे, 1890 च्या सुमाराचं. ते बंद पडलं असेल तर वह्या जवळच्या मोठ्या चर्चकडे किंवा त्या पंथाच्या दप्तरखान्यात गेलेल्या असतात.

नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे गेलात की ते आधी विचारतात, मूळ गाव कोणतं, आडनाव काय, आणि मगच वही काढतात. गाव सांगता आलं नाही तर वहीत सात पिढ्या लिहिलेल्या असूनही उपयोग नाही. जर्मनीचंही अगदी असंच आहे. तिथली सगळी दप्तरं गावागणिक आहेत, पूर्ण देशाची एक यादी कुठेच नाही. म्हणून तुमचा खरा शोध जहाजाचा नाही, गावाचा आहे. जहाजाची यादी त्या वाटेवर कधी मदत करते, कधी करत नाही.

कधी करते? हॅम्बुर्गहून निघाला असेल तर. हॅम्बुर्गने निघणाऱ्या प्रवाशांच्या याद्या 1850 पासून 1934 पर्यंत ठेवल्या (पहिल्या महायुद्धाची वर्षं वगळून), त्या टिकल्या, आणि त्यांत शेवटचं राहतं गाव लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या यादीत ‘जर्मनी’ आणि त्याच माणसाच्या हॅम्बुर्गच्या यादीत खेड्याचं नाव, असा फरक. यात दोन प्रकार आहेत हे मात्र विसरू नका. थेट अमेरिकेला जाणाऱ्यांच्या याद्या वेगळ्या, आणि इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांच्या वेगळ्या. हॅम्बुर्गहून बोटीने इंग्लंडमधलं हल बंदर, तिथून आगगाडीने लिव्हरपूल, आणि लिव्हरपूलहून मोठ्या जहाजाने न्यूयॉर्क, हा प्रवास स्वस्त पडे म्हणून पुष्कळ गरीब माणसं तसं जात. अशा माणसाच्या अमेरिकन यादीवर बंदर लिव्हरपूल असतं. तुम्ही ‘जर्मन बंदरातून आलेली जहाजं’ एवढीच चाळलीत तर तो निसटतो.

ब्रेमेनची गोष्ट दुःखाची आहे. ब्रेमेनने 1832 मध्येच, हॅम्बुर्गच्या कितीतरी आधी, कप्तानांवर प्रवाशांची यादी देण्याची सक्ती केली. जर्मन स्थलांतरितांचं हे सर्वांत मोठं बंदर. पण 1875 पासून जागा नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट करायला सुरुवात झाली, तीन वर्षांपलीकडचं काही ठेवायचं नाही असं धोरण, आणि उरलेलं दुसऱ्या महायुद्धात गेलं. वाचल्या त्या 1920 ते 1939 च्या 2953 याद्या. त्या तिथल्या ‘डी माउस’ या कुलसंशोधन संस्थेने ऑनलाइन आणल्या आहेत, पण तुम्हाला त्यांचा उपयोग नाही. विल्यम ब्रेमेनहून आले असतील तर अमेरिकेत उतरतानाची यादी हीच एकमेव, आणि तीत गाव असलंच तर एखाद्या कप्तानाच्या कृपेने. जागेच्या टंचाईपायी लाखो माणसांची गावं पुसली गेली, याची मला आजही चुटपुट लागते.

ब्रेमेनच्या वाटेने आलेल्या एका प्रसिद्ध माणसाची नोंद मी नवशिक्यांना नेहमी दाखवतो. ऑक्टोबर 1885 मध्ये ‘आयडर’ या आगबोटीने कॅसल गार्डनला सोळा वर्षांचा एक मुलगा उतरला. नोंदीत नाव ‘फ्रीडर. ट्रुम्पफ’. हा फ्रीडरिख ट्रम्प, डोनाल्ड ट्रम्प यांचा आजोबा, तेव्हा बव्हेरियाच्या अमलाखालच्या फाल्त्स भागातल्या कालश्टाट गावचा. या एका नोंदीत तीन धडे आहेत. पहिलं नाव तोडून लिहिलेलं आहे, त्यामुळे पूर्ण ‘फ्रीडरिख’ टंकून शोधणाऱ्याला ते कदाचित दिसणार नाही. आडनावाच्या शेवटी एक जादा ‘एफ’ आहे. आणि तिसरं, हा मुलगा सैन्यातली सक्तीची सेवा न करता, परवानगी न घेता निघून आला होता, म्हणून निघतानाच्या सरकारी परवान्यांत तो शोधून भेटणार नाही. याच कारणावरून 1905 मध्ये बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी त्याला मायदेशी कायमचं परत येऊ दिलं नाही. विशीच्या आतबाहेरचा एकटा तरुण, आगेमागे कोणी नाही, असं दिसलं की लष्करभरती टाळून निघाल्याची शंका घ्यावी. तुमच्या विल्यमच्या बाबतीतही.

नावांविषयी आणखी थोडं, कारण इथेच जास्तीत जास्त लोक अडतात. जर्मन मुलाला बाप्तिस्म्याला दोन-तीन नावं ठेवत आणि पहिलं पुष्कळदा नुसतं मानाचं असे. योहान विल्हेल्म, योहान हाइनरिख, योहान गेओर्ग हे तीन सख्खे भाऊ असू शकतात, आणि घरात त्यांना विल्हेल्म, हाइनरिख, गेओर्ग म्हणूनच हाक मारत. यादीत मात्र एखादा ‘योहान’ म्हणूनच लागतो. बायकांची नावं तर घरगुती रूपात सर्रास येतात: विल्हेल्मीनेची मीना, कॅथरीनाची ट्रीना, क्रिस्टीनेची स्टीना. आडनावात ‘के’ हे अक्षर जुन्या जर्मन वळणात आजच्या वाचकाला ‘आर’ किंवा ‘एच’सारखं दिसतं, ‘ई’ तर हुबेहूब ‘एन’सारखा. यादी संगणकावर चढवणाऱ्याने जे वाचलं ते तुमच्यासमोर येतं, यादीत जे आहे ते नव्हे. म्हणून कोख हा रोख, होख, कोक, काख, कुख अशा कोणत्याही रूपात असेल असं धरून शोधा. आडनावाची खिडकी कधी कधी सरळ कोरी सोडा आणि फक्त पहिलं नाव, वय दोन वर्षं मागेपुढे, आगमनाचं साल आणि देश एवढ्यावर शोधा. या कामासाठी स्टीफन मॉर्स यांची ‘वन स्टेप’ पानं फार उपयोगी आहेत. हे मॉर्स म्हणजे इंटेलच्या 8086 चिपची रचना करणारे अभियंते; वंशावळीच्या नादाने त्यांनी ही शोधयंत्रणा उभी केली आणि सगळ्यांना मोफत दिली.

उमेदवार ओळ मिळाली की तेवढीच ओळ उतरवून घेऊ नका. मूळ पानाचं चित्र उघडा आणि वरखाली प्रत्येकी दोन पानं वाचा. जर्मन माणूस सहसा एकटा येत नसे. एकटा दिसला तरी गावचे शेजारी, मेहुणा, चुलतभाऊ त्याच जहाजावर असत. त्या पानांवरची आडनावं लिहून काढा आणि मग आयोवातल्या त्यांच्या तालुक्याची 1885 ची जनगणना उघडा. यादीतली तीन-चार आडनावं तिथे शेताला शेत लागून राहताना दिसली, की हाच आपला कोख असं मी छातीठोकपणे म्हणतो. नुसत्या नाव-वयाच्या जुळणीवर मी कधीच म्हणत नाही. यात दुसराही फायदा आहे. विल्यमचं गाव कुठेच लिहिलेलं नसेल, पण त्या शेजाऱ्याच्या मृत्युलेखात असेल. शेजाऱ्याचं गाव तेच बहुतेक तुमचं गाव.

न्यूयॉर्कशिवाय इतर बंदरं विसरू नका. मध्य-पश्चिमेकडे जाणारे पुष्कळ जर्मन बाल्टिमोरला उतरले, कारण ब्रेमेनच्या नॉर्डडॉइचर लॉइड कंपनीचा बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेशी करार होता. बोटीतून उतरला की तिथेच आगगाडीत. गृहयुद्धाआधी नैर्ऋत्य जर्मनीतले लोक फ्रान्सच्या ल आव्र बंदरातून कापसाच्या रिकाम्या परतणाऱ्या जहाजांनी न्यू ऑर्लिन्सला जात आणि मिसिसिपीने वर येत. तुमच्या सालासाठी न्यूयॉर्क आधी, बाल्टिमोर त्याखालोखाल. रशियात व्होल्गा नदीकाठी वसलेले जर्मन कागदोपत्री रशियाचे म्हणून येतात, पण कोख घराणं त्यांतलं वाटत नाही.

ज्यांचे पूर्वज 1893 नंतर आले त्यांचं काम सोपं आहे. रकाने वाढत गेले: शेवटचं राहतं गाव, कोणाकडे चालला त्याचं नाव-पत्ता, जवळ पैसे किती. 1906 पासून जन्मगाव, 1907 पासून मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. विल्यमचा एखादा धाकटा भाऊ किंवा भाचा 1907 नंतर त्याच्याकडे आला असेल, तर त्या भाच्याच्या ओळीत कूक घराण्याचं गाव लिहिलेलं असेल. म्हणून त्यांच्या घरी नंतर कोण कोण आलं, हेही व्याह्यांना विचारा. म्हातारी माणसं हे सांगतात, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

गाव मिळालं की 1912 च्या मायर गॅझेटियरमध्ये ते पाहा. जर्मन साम्राज्यातलं जवळजवळ प्रत्येक खेडं त्यात आहे, आणि ऑनलाइन आवृत्तीत जुन्या नकाशासह दिसतं. नॉयेनकिर्शेन नावाची गावं ढिगाने आहेत, तेव्हा जिल्हा जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. नागरी जन्मनोंदी प्रशियात ऑक्टोबर 1874 पासून आणि साऱ्या साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून आहेत. विल्यमचा जन्म त्याआधीचा, म्हणजे चर्चची वहीच पाहायची. प्रोटेस्टंट वह्या आर्खिऑन या संकेतस्थळावर पैसे भरून, कॅथलिक वह्या माट्रिकुला या संकेतस्थळावर फुकट. सगळी गावं अजून चढलेली नाहीत. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात पाद्र्याने ‘अमेरिकेस गेला’ अशी दोन शब्दांची टीप केलेली कधी कधी मिळते. ती मिळाली तर जहाज सापडलं नाही तरी बिघडत नाही.

तूर्त लेकीला तीनच कामं सांगा: 1900 आणि 1925 च्या जनगणनेच्या ओळी, विल्यमच्या पत्नीचं माहेरचं आडनाव, आणि जुन्या चर्चचं नाव. पत्नीही जर्मन असेल आणि लग्न आयोवात झालं असेल, तर त्या लग्नाची चर्चमधली नोंद सगळ्यांत आधी काढा.